जुनी ऑक्टाव्हिया आरएस: १४ महिने आणि ११ हजार किलोमीटरनंतर

गाडी २००५ ची स्कोडा. १७८१ सीसी, २० व्हॉल्व्हवालं टर्बो पेट्रोल, पाच गिअर. आपल्याकडे १५० पीएसची (म्हणजे साधारण तेवढ्याच हॉर्सपॉवरची) यायची, इंग्लंडात हीच १८० पीएसमध्ये विकायचे. गणपती झाल्यावर घेतली, मी तिसरा मालक, मीटरवर १ लाख ३४ हजार, किंमत २ लाख ९०. बाबा खाली आले, गाडीभोवती एक चक्कर मारली, टायरला पायाने हलकंच ठोकलं आणि म्हणाले, "एवढ्यात नवी वॅगनार दारात आली असती रे." आली नसती, फक्त डाउनपेमेंट झालं असतं, पण वाद घातला नाही.

आता खरं सांगतो, मी गाडी घेतली तेव्हा डोक्यात फक्त रिमॅप होता, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरचं सॉफ्टवेअर बदलून ताकद वाढवणं. फोनमध्ये यादीच होती, रिमॅप, मोठा डाउनपाइप (टर्बोनंतरचा एक्झॉस्टचा पाइप), कोल्ड एअर इनटेक, खाली बसवायच्या स्प्रिंगा. पहिल्या १४ महिन्यांत त्यातलं फक्त एक काम झालंय आणि बाकी सगळे पैसे रबरात गेलेत. रबर म्हणजे अक्षरशः रबर. होस, बुश, माउंटिंग, डायफ्रॅम, सील. २० वर्षांच्या टर्बो गाडीचं दुखणं लोखंडात नसतं, हवा जिथून जाते त्या पाइपांत असतं, हे मला कोणी आधी सांगितलं असतं तर बरेच पैसे वाचले असते.

झालं असं की दुसऱ्याच महिन्यात गाडी ओढेना. तीन हजार आरपीएमच्या वर गेलं की नुसता आवाज, आणि ॲक्सिलरेटर सोडला की एक झटका. एका गॅरेजवाल्याने बॉनेट उघडून पाच मिनिटांत सांगितलं, टर्बो गेला साहेब, ६५ हजार, आणि वर "जर्मन गाडी आहे, असंच असतं" हे मोफत. स्कॅनर लावला नाही, पाइपाला हात लावला नाही. मी टर्बो बदलला नाही पण त्याच्या सांगण्यावरून एअर मास मीटर, एक सेन्सर आणि प्लग बदलून बसलो, फरक शून्य. शेवटी लॅपटॉपला लावायची केबल स्वतःच घेतली, कोड वाचला तर म्हणे टर्बो आणि थ्रॉटल बॉडीच्या मधे प्रेशर पडतंय. म्हणजे टर्बो बिचारा हवा दाबतोय आणि ती मधेच कुठेतरी पळून जातेय.

मग जुगाड केला. हार्डवेअरच्या दुकानातून नळाच्या पीव्हीसी पाइपाची एंड कॅप आणली, तिला भोक पाडून ट्यूबलेस टायरचा व्हॉल्व्ह बसवला, एअर फिल्टरकडून येणारा पाइप सोडवून टर्बोच्या तोंडाला ती कॅप क्लॅम्पने आवळली आणि पायपंपाने हवा मारत बसलो. पीसीव्हीचा (इंजिनच्या पोटातली वाफ बाहेर ओढणारा) पाइप आधी चिमटून बंद करायचा, नाहीतर हवा सरळ इंजिनच्या पोटात जाते. प्रेशर एक बारच्या वर न्यायचं नाही, कॅप सुटली तर थेट थोबाडावर. मग साबणाचं पाणी मारायचं आणि बुडबुडे शोधायचे, पंक्चरवाला करतो तसंच. रविवार सकाळ, सोसायटीचं पार्किंग, बायको वरून गॅलरीतून बघतेय, वॉचमन काका येऊन विचारतात, "साहेब, गाडीला आंघोळ घालताय का?" आणि तेवढ्यात इंटरकूलरच्या (टर्बोची गरम हवा थंड करणाऱ्या जाळीच्या) खालच्या होसवर हा एवढा फेस आला. वरून होस चकचकीत, खालच्या बाजूला तेलाने मऊ होऊन बोटभर चीर. डायव्हर्टर व्हॉल्व्ह, म्हणजे ॲक्सिलरेटर सोडल्यावर जास्तीची हवा परत वळवणारा, काढून तोंडाने ओढून बघितला तर तोही हवा धरेना, आतला डायफ्रॅम फाटलेला, तो झटका त्याचाच. होस आणि व्हॉल्व्ह मिळून साडेआठ हजार, आणि गाडी पुन्हा १७५०-१८०० आरपीएमपासून अशी ओढायला लागली की मी नवले पुलापासून कात्रजपर्यंत वेड्यासारखा हसत गेलो. ६५ हजार कुठे आणि साडेआठ कुठे. माझ्या मते जुन्या टर्बो गाडीवर दुसरा कुठलाही खर्च करायच्या आधी ही टेस्ट झालीच पाहिजे.

त्यानंतर मी सगळे व्हॅक्यूमचे बारीक पाइप एका दमात बदलले. नाना पेठेत मीटरवर सिलिकॉन होस मिळतो, पण जुना तुकडा बरोबर न्या, आतला व्यास अंदाजाने सांगू नका, मी सांगितला आणि दोनदा गेलो. इनटेक मॅनिफोल्डच्या खालचे पाइप बघायला आरसा आणि टॉर्च लागतो, तिथे हात घालून आला तर सोलूनच येतो. आणि या गाड्यांना बरेच बोल्ट बारा टोकांचे असतात, साध्या ॲलन कीने गेलात की डोकं गोल, मग रडा. माझा सॉकेटचा सेट निम्मा जुन्या बाजारातला आहे, बुधवार किंवा रविवारी गेलं की काहीतरी मिळतंच.

टायमिंग बेल्टची पावती आधीच्या मालकाकडे नव्हती म्हणून तो लगेच बदलला, बेल्ट तुटला तर पिस्टन आणि व्हॉल्व्हची टक्कर होते. सोबत वॉटर पंप मेटल इम्पेलरवाला, कारण जुन्यातला प्लास्टिकचा पंखा तुकडे होऊन पडतो. हे काम भोसरीतल्या एका मिस्त्रींकडे केलं, त्यांना मी मामा म्हणतो, बोलतात कमी आणि प्रत्येक बोल्ट टॉर्क रेंचने आवळतात. ऑइल पूर्ण सिंथेटिक, फोक्सवॅगनच्या ५०२ स्पेकचं, दर सात हजारला. टर्बोचा शाफ्ट लाखाच्या वर आरपीएमने फिरतो आणि त्याला तेच ऑइल थंड ठेवतं, तिथे काटकसर नको. घाट चढून आलात तर मिनिटभर गाडी नुसती चालू ठेवा, मग बंद करा.

रिमॅप दहाव्या महिन्यात केला, तोपर्यंत गाडीत काही गळायचं शिल्लक नव्हतं. साधा स्टेज वन, म्हणजे पार्ट न बदलता फक्त सॉफ्टवेअर. बूस्ट (टर्बोच्या हवेचा दाब) आधी अर्ध्या बारच्या आसपास होता, आता एकला टेकतो. डायनो (ताकद मोजायच्या मशीनवरची टेस्ट) केला नाही त्यामुळे आकडा सांगत नाही, पण ताम्हिणी घाटात आता तिसऱ्यातून खालचा गिअर टाकावाच लागत नाही. तोटा पण सांगतो, या गाडीचा इंटरकूलर उजव्या चाकाच्या पुढे कोपऱ्यात दडलाय आणि तळहाताएवढा आहे. भर दुपारी वाकडच्या ट्रॅफिकमध्ये अर्धा तास सरकलात की तो तापतो आणि मग रिमॅप कुठे गेला कळत नाही. पावसाळ्यात एक इग्निशन कॉइल गेली, गाडी तीन सिलिंडरवर रिक्षासारखी घरी आणली, तेव्हापासून एक कॉइल डिकीत असते.

पेट्रोलचं दुखणं वेगळंच. आता पंपावर साधं म्हणजे ई२०, २० टक्के इथेनॉल मिसळलेलं, आणि २००५ चं रबर काही त्यासाठी बनवलेलं नाही, म्हणून फ्युएल होस इथेनॉलला टिकणारे टाकले. एक्सपी १०० (१०० ऑक्टेनचं महागडं पेट्रोल) कधीतरी लाड म्हणून, लिटरला दीडशेच्या वर, रोज कोण टाकणार. ॲव्हरेज शहरात ९, मुंबईकडे एक्स्प्रेसवेने १३.

सायलेन्सर आणि डाउनपाइप कंपनीचाच ठेवलाय. एक तर मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ (गाडीत फेरफार करण्यावरचं बंधन), आणि दुसरं म्हणजे १५ वर्षांनंतर दर पाच वर्षांनी रिपासिंग आहे, संगम पुलाच्या आरटीओत इन्स्पेक्टरसमोर बॉनेट उघडायचं असतं. माझं या वर्षी झालं, ग्रीन टॅक्स भरून, दोन चकरांत. बुलेटचे सायलेन्सर रोलरखाली घातल्याचे फोटो पुण्यात सगळ्यांनीच बघितलेत, मला त्या रांगेत उभं राहायचं नाही.

एकूण खर्च गाडीची किंमत सोडून १ लाख ८२ हजार, त्यात रिमॅप ३० आणि चुकीचे पार्ट साधारण २५. गंमत म्हणजे चाकणला याच ग्रुपच्या नव्या गाड्या रोज बनतात आणि माझा होस पोलंडवरून येतो, तीन आठवडे आणि वर कस्टम ड्युटी. एकच गाडी असेल घरात तर ही घेऊ नका, आमच्याकडे ऑफिसला ॲक्टिव्हा आहे म्हणून जमतं.

सध्या मागच्या उजव्या दाराचा विंडो रेग्युलेटर गेलाय, आतली प्लास्टिकची क्लिप तुटली आणि काच दारात पडली. आत्ता ती प्लायवूडच्या पट्टीवर उभी आहे आणि मुलीला सांगून ठेवलंय की ते बटण दाबायचं नाही. कोणाकडे भंगारात निघालेली ऑक्टाव्हिया माहीत असेल तर सांगा. उजव्या बाजूचाच हवाय, डावा माझ्याकडे दोन आहेत.