चार्टवर साखर १४२, मीटरमध्ये नोंदच नाही

घरी एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांसाठी 'नर्सिंग सेवा' देतो म्हणून पैसे घेणाऱ्या एका कंपनीने माझ्या आत्याला कसं फसवलं, ते सविस्तर लिहिते आहे. आईवडील पुण्यात आणि मुलं बाहेर अशी घरं आज गल्लोगल्ली आहेत. त्यांच्यासाठी हे आहे.

आत्या ८९ वर्षांची. कोथरूडला एकटी राहते. आयुष्यभर शाळेत गणित शिकवलं, आणि डोकं अजून तल्लख आहे. मधुमेह जुना. सकाळ-संध्याकाळ इन्सुलिन लागतं, पण हाताला कंप असल्यामुळे सिरिंज तिला स्वतः भरता येत नाही. त्यात पायाच्या अंगठ्याला जखम झाली, रोज ड्रेसिंग आलं. चोवीस तासांची बाई तिला नको होती, आणि तशी गरजही नव्हती. म्हणून दोन वेळा सिस्टर येऊन इन्सुलिन देणार, साखर आणि बीपी बघून चार्टवर लिहिणार, ड्रेसिंग करणार, असं पॅकेज घेतलं. तीन महिन्यांचे पैसे आगाऊ. शिवाय सिरिंज, साखर तपासायच्या स्ट्रिप्स, गॉज हे सगळं त्यांच्याकडूनच, वेगळ्या बिलावर.

पहिल्यांदा आलेली सिस्टर खरंच उत्तम होती. जीएनएम हा नर्सिंगचा अभ्यासक्रम झालेली, हॉस्पिटलमध्ये काम केलेली. आत्याचे दोन्ही पाय तळव्यापासून बोटांच्या बेचक्यांपर्यंत तपासले, जखमेचं माप घेतलं, औषधांच्या पट्ट्या एकेक करून बघितल्या, बाथरूममधलं पायपुसणं सरकतं म्हणून ते काढायला लावलं. अशी सिस्टर मिळाली तर नव्वदीचं माणूस आपल्या घरात सुखाने राहू शकतं, हे मी आजही म्हणते. कंपनीने हिचा उपयोग फक्त गिऱ्हाईक पक्कं करण्यापुरता केला. थोड्याच दिवसांत ती यायची बंद झाली आणि तिच्या जागी तसाच पांढरा कोट घातलेली एक लहानशी मुलगी येऊ लागली. बिलावर मात्र शब्द तोच राहिला, 'नर्स व्हिजिट'. दरही तोच.

आत्याने मला फोनवर सांगितलं, "अगं, ही मुलगी बोट टोचतच नाही. येते, इंजेक्शन देते, वहीत काहीतरी लिहिते आणि जाते." मी लगेच कंपनीच्या सुपरवायझरला फोन लावला. त्याने अगदी मऊ आवाजात सांगितलं, "मॅडम, आजींचं वय बघा ना. या वयात विसर पडतो. सिस्टर रोज शुगर चेक करते, चार्टवर सगळं आहे. हवं तर आमचं मेमरी असेसमेंट करून घ्या, चार्ज वेगळा पडेल."

मला सगळ्यात चीड या वाक्याची आहे. पैसे गेले त्याहून जास्त. म्हातारं माणूस तक्रार करतंय ना, मग त्याचं डोकंच ठिकाणावर नाही असं सांगून मोकळं व्हायचं. एकटं राहणाऱ्या माणसाच्या घरात दुसरा साक्षीदार नसतो. साक्षीदार तेच, आणि त्यालाच खोटं पाडलं की काम झालं.

मी ठाण्याहून गेले. आत्या खरोखरच मलूल दिसत होती. दिवसा झापड, सारखी तहान, रात्री लघवीला तीन-चार वेळा उठायची. हीच लक्षणं सुपरवायझर 'वयामुळे' म्हणून सांगत होता. टेबलावर चार्ट होता, सुवाच्य अक्षरात. साखर १४२, १३८, १४०, १४२. बीपी रोज १३०/८०. जिवंत माणसाचं बीपी इतकं एकसारखं राहत नाही. आत्या म्हणाली, "मीटर काढ." बहुतेक ग्लुकोमीटरमध्ये, म्हणजे घरी साखर मोजायच्या यंत्रात, तपासणीची नोंद तारीख-वेळेसकट साठते. मेमरीचं बटण दाबत मागे मागे गेलो. शेवटची नोंद पहिल्या सिस्टरच्या दिवसांतली. त्यानंतर एकही नाही. बिलात लावलेल्या स्ट्रिप्सच्या डबीचं सील जसंच्या तसं होतं.

त्याच दिवशी लॅबमधून रक्त तपासून घेतलं. उपाशीपोटी साखर तीनशेच्या वर.

इन्सुलिन रोज मिळूनही साखर एवढी कशी चढली, हे आत्यानेच शोधून काढलं. तिची बाटली ४० युनिटची, म्हणजे एका मिलिलिटरमध्ये ४० युनिट. तिच्यासाठी लाल टोपणाची सिरिंज लागते. कंपनीने पाठवलेल्या पाकिटातल्या सिरिंजना नारिंगी टोपण होतं. ती १०० युनिटच्या इन्सुलिनसाठी असते. तिच्यात वीसच्या रेघेपर्यंत औषध भरलं की शून्य पूर्णांक दोन मिलिलिटर येतं, आणि ४० च्या बाटलीतून तेवढं घेतलं तर अंगात जातात फक्त ८ युनिट. डॉक्टरांनी लिहिलेले होते २०. आत्याने पाकिटाच्या मागच्या कोऱ्या बाजूवर पेन्सिलीने त्रैराशिक मांडून मला दाखवलं. थरथरत्या हाताने, पण एकही पायरी न गाळता. हिला विसर पडतो म्हणे!

उलट गफलत झाली असती तर मी आज हे लिहीत नसते. १०० ची बाटली आणि लाल टोपणाची सिरिंज एकत्र आली तर अडीचपट इन्सुलिन जातं. रात्री झोपेत साखर एकदम उतरते, आणि एकट्या राहणाऱ्या माणसाच्या घरी तेव्हा हाक ऐकायला कोणी नसतं.

संध्याकाळी ती मुलगी आली तेव्हा तिला बसवून विचारलं. ती रडायलाच लागली. तालुक्याच्या गावी सहा महिन्यांचा पेशंट केअरचा कोर्स केलेला. सिरिंजमध्ये फरक असतो हे तिला कोणी सांगितलंच नव्हतं. "ताई, स्ट्रिप वाया घालवू नको, आधीचे आकडे बघून लिही, असं ऑफिसातून सांगतात." आमच्याकडून एका व्हिजिटचे जेवढे घेत होते, त्याच्या पावसुद्धा तिच्या हातात पडत नव्हते. तिच्यावर माझा राग नाही. आत्याने तिला चहा दिला आणि लाल-नारिंगी टोपणांचा हिशोब तिलाही समजावून सांगितला.

कंपनीकडे नर्सच्या नोंदणीचा दाखला मागितला तर व्हॉट्सअॅपवर आला तो पहिल्या सिस्टरचा. करार काढून वाचला तर आत बारीक अक्षरात 'परिचारिका अथवा प्रशिक्षित सहाय्यक' असं छापलेलं, आणि आगाऊ रक्कम परत मिळणार नाही असंही. जाहिरातीत मात्र ठळक अक्षरात फक्त 'क्वालिफाइड नर्स'.

इथे फरक नीट समजून घ्या. एएनएम दोन वर्षांचा, जीएनएम तीन वर्षांचा, बी.एस्सी. नर्सिंग चार वर्षांचा अभ्यासक्रम. हे करून महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलकडे नोंदणी झालेली व्यक्ती म्हणजे नर्स. तिच्याकडे नोंदणी क्रमांक असतो आणि नोंदणीचं ठरावीक मुदतीने नूतनीकरण करावं लागतं. केअरटेकर, अटेंडंट, पेशंट केअरचा कोर्स केलेली मुलगी यांचं काम मोलाचं आहे. आंघोळ घालणं, चालायला हात देणं, जेवण भरवणं हे त्या जीव लावून करतात. पण इन्सुलिन भरणं आणि मधुमेही जखमेचं ड्रेसिंग हे त्यांच्यावर सोपवणं म्हणजे पेशंटच्या जिवाशी खेळ, आणि त्या मुलीचाही बळी. म्हणून दाखला मागाल तो दारात उभ्या असलेल्या व्यक्तीचाच मागा, फोटो-ओळखपत्राशी ताडून बघा, आणि बदली आली की पुन्हा मागा. फसवणूक बदलीतच होते.

सामान त्यांच्याकडून घेऊ नका. सिरिंज आपल्या ओळखीच्या केमिस्टकडून आणा, बाटली सोबत नेऊन.

पैशांचं म्हणाल तर आधी त्यांनी फोन उचलणं बंद केलं. मग १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, तसा दोन दिवसांत त्यांचाच फोन आला आणि 'गुडविल म्हणून' अर्धी रक्कम देऊ लागले. अट एकच, तक्रार मागे घ्यायची. आत्या म्हणाली, मुळीच नाही. तिच्या नावाने जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार केली आहे. २०१९ च्या कायद्यानुसार आपण राहतो त्या जिल्ह्यातच ती करता येते, सेवेसाठी दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही, आणि घटनेपासून दोन वर्षांची मुदत असते. ज्येष्ठांसाठी १४५६७ ही एल्डरलाइनही आहे. तिथे मराठीत बोलता येतं, आणि फोन स्वतः म्हाताऱ्या माणसाने केला तरी चालतो. आत्याने केला. आमच्याकडे पुरावा म्हणून त्यांचाच चार्ट आहे, मीटर आहे, न फोडलेली स्ट्रिप्सची डबी आहे आणि नारिंगी टोपणाच्या उरलेल्या सिरिंज आहेत. कंपनीचा माणूस 'फाइल कम्प्लीट करायला' म्हणून चार्ट न्यायला आला होता. आत्याने दिला नाही. तुमच्याकडेही कोणी मागायला आलं तर मूळ कागद हातचा सोडू नका, झेरॉक्स द्या.

आता त्याच भागातल्या एक निवृत्त सिस्टर सकाळ-संध्याकाळ येतात. महापालिकेच्या दवाखान्यात नोकरी झालेली. साखर बघितली की आकडा आधी आत्याला मोठ्याने सांगतात, मग लिहितात. जखम भरत आली आहे.

तुमच्या घरी सध्या अशी सेवा चालू असेल तर आज रात्रीच एक करा. फोनवर का होईना, शेजाऱ्यांना सांगून का होईना, ग्लुकोमीटरची मेमरी उघडून चार्टशेजारी ठेवा. सिरिंजचं टोपण आणि बाटलीवरचा ४० किंवा १०० हा आकडा जुळतो का बघा. आणि सुपरवायझरला फोन करण्याआधी आजी-आजोबांना विचारा, आज बोट टोचलं का?