गोंदाची पट्टी, स्क्रूची पट्टी आणि बबल रॅप: एका हिवाळ्यानंतरचा अनुभव

फटीतून येणारी थंड हवा अडवायला मुख्य दाराखाली चिकटवलेली फोमची पट्टी ऐन थंडीत अर्धी सुटून लोंबायला लागली. विक्रेत्याकडे तक्रार केली, तर "वापरलेला माल परत घेत नाही" एवढंच उत्तर आलं आणि तक्रार बंद. तेव्हाच ठरवलं होतं की हिवाळा सरला की सगळं सविस्तर लिहायचं. यंदा आम्ही नवा हीटर घेतला नाही. फटी बुजवल्या, काचा झाकल्या, पडदे बदलले. आता थेट अनुभवावर येते.

आधी फटीच का? मोजून बघा. आमचं दार ९० सेंटिमीटर रुंद आहे आणि उंबरठ्याशी जवळपास ८ मिलिमीटरची फट होती. म्हणजे ७२ चौरस सेंटिमीटर. दाराच्या मधोमध साडेआठ सेंटिमीटर लांबी-रुंदीचं चौकोनी भोक असतं, तर आपण त्याच दिवशी सुताराला बोलावलं असतं. तीच जागा जमिनीलगत आडवी पसरली की कुणाच्या डोळ्यांत येत नाही. वारा असलेल्या संध्याकाळी पंखे बंद करून पेटती उदबत्ती चौकटीच्या कडेने हळूहळू फिरवा. धूर जिथे आडवा होईल तिथे पेन्सिलने खूण करा. या तपासणीला काही खर्च नाही, आणि ती केल्याशिवाय एकही पट्टी विकत घेऊ नका. आमच्याकडे ज्या खिडकीवर सगळ्यांचा संशय होता ती ठीक निघाली. धूर हलला तो दाराखाली, एसीचा पाइप भिंतीतून जातो त्या भोकाशी आणि पंख्याच्या स्विचबोर्डाच्या कडेला.

आता गोंद. पाकिटावर "अतिशय मजबूत पकड" असं ठळक छापलं होतं. मी दाराची कड आधी साबणाच्या पाण्याने, मग स्पिरिटने पुसली, पूर्ण वाळू दिली, पट्टी लावून अंगठ्याने इंच इंच दाबली. सुरुवातीला सुरेख बसली. पण दाराची खालची कड ही पट्टीसाठी सगळ्यात वाईट जागा आहे. तिथे लादी पुसण्याचं पाणी लागतं, धूळ बसते, दर वेळी दार उघडताना पट्टी घासली जाते. त्यात थंडी पडली की गोंद कडक होतो आणि कोपऱ्यापासून सुटायला लागतो. अशा बहुतेक चिकटपट्ट्या लावताना पृष्ठभाग निदान १० अंशांच्या वर असावा लागतो, आणि पकड पूर्ण बसायला दोन-तीन दिवस जातात. ही माहिती पाकिटावर कुठेही नव्हती. हिवाळ्यासाठी म्हणून विकायच्या वस्तूवर "हे थंडी पडण्याआधी लावा" ही एक ओळ नसावी, याचा मला आजही संताप येतो.

विक्रेत्याला मी सुटलेल्या पट्टीचे फोटो पाठवले, पुसायला काय वापरलं तेही कळवलं. पहिलं उत्तर आलं, "मॅडम, सरफेस क्लीन नसेल." मी स्पिरिटच्या बाटलीचा फोटो पाठवला. मग म्हणाले, जास्त दाबली गेली असेल. शेवटी पुढच्या खरेदीवर सवलतीचं कूपन देऊ केलं. मी कूपन घेतलं नाही. रक्कम अगदीच किरकोळ होती, पण किरकोळ रकमेसाठी गिऱ्हाईक भांडणार नाही हे धरून असा माल विकला जात असेल, तर कुणीतरी भांडायला हवं.

पट्टी सुटल्यावर सासूबाईंनी जुन्या पँटचा पाय कापला, त्यात चिंध्या आणि थोडी रेती भरली, दोन्ही टोकं शिवली आणि ती गुंडाळी दाराशी ठेवली. "अगं, हिला गोंद लागत नाही," म्हणाल्या. रात्रभर थंड हवा अडवायला ती गुंडाळी त्या विकतच्या पट्टीपेक्षा सरस होती. एकच अडचण, बाहेरून आलेला माणूस दार ढकलतो आणि ती आत सरकते. म्हणून पुढे अॅल्युमिनियमच्या पट्टीत ब्रश बसवलेला प्रकार आणला, जो स्क्रूने दाराला लागतो. फोमपेक्षा तो बराच महाग, तरी एका साध्या हीटरच्या मानाने किंमत काहीच नाही. स्क्रूची भोकं लांबट असतात, त्यामुळे ब्रश लादीला जेमतेम टेकेल इतका खाली-वर करता येतो. दार घासत नाही, आवाज नाही, लादी थोडी उंच-सखल असली तरी ब्रशचे केस वाकून जागा भरतात. हिवाळा संपला, तो ब्रश जागच्या जागी आहे. दाराच्या खालच्या कडेला चिकटवायचं काहीही घेऊ नका, स्क्रूचंच घ्या.

खिडक्यांच्या चौकटीत मात्र चिकटपट्टी चालते, कारण तिथे ती फक्त दाबली जाते, घासली जात नाही. पण मऊ फोम महिन्या-दोन महिन्यांत चपटा होतो आणि परत फुगत नाही. ईपीडीएम या टिकाऊ कृत्रिम रबराची, पोकळ 'डी' आकाराची पट्टी पुन्हा पुन्हा मूळ आकारात येते आणि वर्षानुवर्षं टिकते. सरकत्या खिडक्यांना दोन्ही उपयोगाच्या नाहीत. त्यांच्या कडेच्या खाचेत लोकरीसारखी केसाळ पट्टी असते, ती झिजली की ओढून काढायची आणि नवी सरकवायची. हे काम घरच्या घरी होतं. एसीच्या पाइपाभोवतीचं भोक सीलंटने (फटी बुजवायच्या लुकणासारख्या लगद्याने) भरलं, तो विषय तिथेच मिटला.

बबल रॅपबद्दल माझं मत पूर्ण बदललं. सुरुवातीला मी ते साफ नाकारलं होतं. काचेवर पॅकिंगचं प्लॅस्टिक लावायचं म्हणजे घराचं गोदाम, असं मला वाटायचं. मग फर्निचरबरोबर आलेलं फुकटचं बबल रॅप घरात पडून होतं म्हणून सासूबाईंच्या खोलीत लावून पाहिलं. काचेवर पाण्याचा फवारा मारायचा, फुग्यांची बाजू काचेकडे ठेवून दाबायचं, बस्स. गोंद नाही, टेप नाही, आणि महिनोन्‌महिने टिकतं. एखादा कोपरा सुटला तर पुन्हा फवारा मारला की झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी सासूबाईंनी पलंग खिडकीजवळून हलवायचा विषय काढला नाही, जो त्या रोज काढत होत्या.

त्यामागचं कारण साधं आहे. आत-बाहेर एका अंशाचा फरक असेल तर एकेरी काचेच्या दर चौरस मीटरमधून सुमारे ५ ते ६ वॅट उष्णता बाहेर जाते. खोलीत ४ चौरस मीटर काच आणि १० अंशांचा फरक धरा, म्हणजे २०० वॅटहून जास्त, रात्रभर. फुग्यांत अडकलेली स्थिर हवा ही गळती बरीच कमी करते. बाहेरचं दिसत नाही, हा तोटा खरा आहे. म्हणून बैठकीच्या खोलीत मी ते लावलं नाही. तिथे अस्तर लावलेले जाड पडदे केले, अगदी जमिनीला टेकतील इतके लांब. जिथून ऊन येतं ते पडदे दिवसा पूर्ण उघडे, आणि मावळतीला सगळे बंद. हा नियम पाळला नाही तर पडद्यावरचा खर्च अर्धा वाया जातो.

पण सगळं घट्ट बंद केल्यावर नवी कटकट सुरू झाली. ज्या काचेवर बबल रॅप नव्हतं तिथून सकाळी पाणी ओघळायला लागलं आणि कपाटामागच्या भिंतीवर काळे ठिपके दिसले. श्वास, स्वयंपाक, घरात वाळत घातलेले कपडे यांची वाफ पूर्वी फटींतून निघून जायची, आता ती थंड भिंतीवर जमत होती. घरातली आर्द्रता साधारण ४० ते ६० टक्के असावी. उपाय असा की सकाळी समोरासमोरच्या खिडक्या पाच-दहा मिनिटं सताड उघडायच्या. घरच्यांनी आरडाओरडा केला, एवढी ऊब घालवतेस म्हणून. मी हिशेब मांडला. दहा बाय बारा फुटांच्या खोलीतली सगळी हवा १० अंशांनी तापवायला जेमतेम ०.१ युनिट वीज लागते. खरी ऊब भिंती, लादी आणि सामानात साठलेली असते, ती पाच मिनिटांत जात नाही. पण फटींतून दर तासाला एकेक खोलीभर हवा बदलत राहिली, तर दहा तासांच्या रात्रीत त्याचं १ युनिट होतं, तेही एका खोलीचं. त्यानंतर कुणी खिडकी उघडताना अडवलं नाही. कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे ओढलं आणि ठिपके पुन्हा आले नाहीत.

एक गोष्ट कळकळीने सांगते. जिथे गॅसचा गीझर, शेगडी किंवा कोळसा पेटतो, तिथला झरोका काहीही झालं तरी बुजवू नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, रंग नसतो, आणि त्याने झोपेतच जीव जातो. आमच्या न्हाणीघराचा झरोका मी हातही न लावता ठेवला, तिथे थंडी वाजली तरी चालेल.

हीटरबद्दल थोडकंच. ऑइलचा असो, पंख्याचा असो, १५०० वॅटचा हीटर तासाला दीड युनिटच खातो आणि तेवढीच उष्णता देतो. ऑइलचा बंद केल्यावरही काही वेळ गरम राहतो, म्हणून तो स्वस्त पडतो असं वाटतं. घरात थंडीत खोली गरमही करणारा इन्व्हर्टर एसी असेल तर तो वापरा, एका युनिटमागे साधारण तीनपट उष्णता देतो. आणि झोपताना खोली तापवण्यापेक्षा अंथरूण तापवा. १०० वॅटची विजेची चादर रात्रभर चालली तरी एका युनिटच्या आत आटपते. आम्ही तर निजायच्या आधी अर्धा तास लावून बंद करत होतो.

माळ्याच्या झाकणाची फट अजून राहिलीय. गरम हवा वर चढते, वरच्या फटींतून निसटते आणि तेवढीच थंड हवा खालून ओढून घेते. म्हणून ती दाराखालच्या फटीइतकीच महत्त्वाची. पुढच्या थंडीआधी झाकणाच्या चौकटीला चारी बाजूंनी रबर लावणार आहे आणि झाकण घट्ट दाबून बसावं म्हणून दोन कड्या. झाकणाच्या वरच्या अंगाला थर्मोकोलचा जाड तुकडा बसवायचाय, तो फर्निचरच्याच खोक्यातून निघालाय आणि मी जपून ठेवलाय.