मसाल्याच्या प्रोजेक्ट रिपोर्टमध्ये विटांना पाणी

२०२३ सालची गोष्ट आहे. वाळवा तालुक्यातल्या आमच्या गावात मी आणि माझी जाऊ कांदा-लसूण मसाला करून विकतो. उन्हाळ्यात ऑर्डरी एवढ्या येतात की कांडपवाल्याकडे नंबर लावून ताटकळावं लागतं. म्हणून स्वतःचं कांडप यंत्र, बारीक दळायचा एक पल्व्हरायझर, भाजणी आणि पॅकिंगची यंत्रं घ्यायचं ठरलं. शेडच्या डागडुजीसकट खर्च आठ लाखांच्या घरात जात होता. पीएमईजीपी, म्हणजे नव्या छोट्या उद्योगाला कर्ज-सबसिडी देणारी केंद्राची योजना, तिच्यात ग्रामीण भागातल्या महिलेला ३५ टक्के सबसिडी मिळते, स्वतःचे ५ टक्के घालावे लागतात, बाकी बँकेचं कर्ज. ही माहिती खरी आहे, त्यामुळे तिच्याआड चाललेलं खोटं चटकन दिसत नाही.

कर्जाच्या अर्जाला प्रोजेक्ट रिपोर्ट, म्हणजे धंद्याच्या खर्च-उत्पन्नाचा आराखडा, लागतो आणि तो करून देणाऱ्यांची जिल्ह्याच्या गावाला रांग आहे. आम्हाला भेटला तो एक ‘सबसिडी सल्लागार’. ऑफिस चकचकीत, भिंतीवर कर्जमंजुरीची पत्रं फ्रेम करून लावलेली, बोलणं गोड. “ताई, तुम्ही फक्त आधार, पॅन आणि फोटो द्या. बाकी माझ्यावर सोडा.” नोंदणीचे ५,१०० रोख घेतले, पावती दिली नाही. रिपोर्टचे ३५,००० फोनवरून पाठवायला लावले, ते कंपनीच्या नाही तर कुणा तिसऱ्याच माणसाच्या नावावर गेले. नंतर ‘फाइल पुढे सरकवायला’ म्हणून आणखी ८,००० घेतले.

रिपोर्ट आला तो स्पायरल बाइंडिंग केलेला, रंगीत मुखपृष्ठाचा, भरपूर तक्त्यांचा. आम्ही तिथंच चाळायला लागलो तर हा म्हणाला, “ते बँकेसाठी असतं, तुम्ही वाचून काय करणार?” ज्या कागदावर आमच्या सह्या आणि आमचंच कर्ज, तो आम्ही वाचायचा नाही! जाऊबाई बारावी कॉमर्स आहेत. त्या रात्री त्यांनी पेन्सिल घेऊन तो रिपोर्ट पहिल्या पानापासून वाचून काढला.

‘आवश्यक सुविधा’ या मथळ्याखाली लिहिलं होतं, क्युरिंगसाठी रोज ५,००० लिटर पाणी. क्युरिंग म्हणजे सिमेंट घट्ट व्हावं म्हणून पाणी मारणं. मसाल्याला क्युरिंग! पुढच्या पानावर, जवळच स्टोन क्रशर असल्यानं कच्चा माल मुबलक आणि स्वस्त. म्हणजे सिमेंटच्या विटांच्या कुठल्यातरी रिपोर्टमध्ये ‘ब्रिक्स’ खोडून ‘मसाला’ टाकला होता आणि जिथं खोडायचं राहिलं तिथं विटा तशाच होत्या. आम्ही हसलो, पण आकड्यांच्या पानावर आलो तेव्हा हसू गेलं.

आठ लाखांचा प्रकल्प १९ लाखांचा झाला होता. यंत्रांचं कोटेशन सल्लागाराच्याच ओळखीच्या डीलरचं, किमती बाजारभावाच्या दुपटीहून जास्त. विचारलं तर म्हणाला, “प्रकल्प मोठा दाखवला की सबसिडी मोठी. तुमचे ५ टक्केपण डीलर माघारी देईल.” खालचा हिशोब कुणीही कागदावर करून बघावा. १९ लाखांवर ३५ टक्के म्हणजे ६ लाख ६५ हजार सबसिडी, स्वतःचे ९५ हजार, आणि सबसिडी वळती झाल्यावरही आपण फेडायचे ११ लाख ४० हजार. आठ लाखांच्या खऱ्या प्रकल्पात सबसिडी २ लाख ८० हजार, स्वतःचे ४० हजार आणि फेडायचे ४ लाख ८० हजार. व्याज ११ टक्के आणि मुदत पाच वर्षं धरली तर पहिल्यात हप्ता जवळपास २५ हजार, दुसऱ्यात साडेदहा हजार. मधले ११ लाख डीलर आणि सल्लागार वाटून घेणार, हप्ते मात्र आम्ही भरणार, तेही तेवढ्याच यंत्रांवर. शिवाय खोट्या कोटेशनवर कर्ज उचललं म्हणून कारवाई झाली तर कागदावर सही कुणाची? आमचीच.

आणि सबसिडी हातात येते असं सांगतात, ते तर साफ खोटं. ती बँकेत आपल्या नावे तीन वर्षं टीडीआर, म्हणजे मुदत ठेव म्हणून ठेवली जाते. युनिट खरोखर चालू आहे का याची जागेवर तपासणी होते आणि मगच ती कर्जखात्यात वळती होते. तेवढ्या रकमेवर बँक कर्जाचं व्याज लावत नाही, हा फायदा खरा. पण सबसिडी काढून गाडी घेऊ म्हणणाऱ्यानं ती योजना वाचलेलीच नसते.

खेळत्या भांडवलाचं पान तर कुणी मसाला न बघितलेल्या माणसानं लिहिलं होतं. दिवसाला २०० किलो क्षमता, पहिल्या वर्षी ६० टक्के वापर, ३०० दिवस काम, म्हणजे वर्षाला ३६ टन मसाला. आणि खेळतं भांडवल दीड लाख! ब्याडगी, संकेश्वरी मिरची महिनेवारी भाजीसारखी घेत नाही कुणी. फेब्रुवारी-मार्चमध्ये नवा माल येतो तेव्हा वर्षाची भरती करायची असते, नाहीतर पावसाळ्यात भाव चढतो आणि मिरचीत ओल धरते. २०० रुपये किलोनं दीड लाखात साडेसातशे किलो मिरची येते. मसाल्यात निम्मी मिरची धरली तर रिपोर्टातल्या वेगानं ती बारा-तेरा दिवसांत संपते. पुढं यंत्रं बंद आणि हप्ता चालू. आम्ही स्वतः पुन्हा मांडलं तेव्हा मिरची, खोबरं, धणे, कांदा, लसूण, तेल, पाऊच, वीज, मजुरी हे सगळं धरून खेळतं भांडवल यंत्रांच्या किमतीच्या जवळ गेलं आणि उत्पादन ३६ टनांवरून फार खाली आलं. पण ते आकडे आमचे होते.

शेवटच्या पानावर सीएचा गोल शिक्का, नाव वाचता येऊ नये असा. २०१९ पासून सीएनं दिलेल्या प्रत्येक प्रमाणपत्रावर यूडीआयएन, म्हणजे अक्षरं-आकडे मिळून १८ चिन्हांचा ओळख क्रमांक, असावा लागतो आणि तो सीएंच्या संस्थेच्या साइटवर टाकून कुणीही पडताळू शकतं. आमच्या रिपोर्टवर तो नव्हताच.

पैसे परत मागितले तेव्हा त्याचा सूर बदलला. दोन दिवसांनी व्हॉट्सॲपवर ‘मंजुरीपत्र’ आलं. ही योजना चालवणाऱ्या खादी आयोगाचा लोगो, अशोकस्तंभ, खाली ओळ: सबसिडी रिलीज करण्यासाठी ३ टक्के प्रोसेसिंग फी भरावी. १९ लाखांचे ३ टक्के म्हणजे ५७ हजार. हे पत्र बोगस होतं. पीएमईजीपीच्या अर्जाला फी नाही, आणि आम्ही कुणी मध्यस्थ नेमलेले नाहीत असं आयोग स्वतःच सांगतो. आम्ही जिल्हा उद्योग केंद्रात जाऊन चौकशी केली तर अर्ज त्रुटींसाठी केव्हाच परत आलेला. आम्हाला कळलं नाही, कारण पोर्टलवर मोबाइल नंबर सल्लागारानं त्याचा टाकला होता. ओटीपी त्याला, मेसेज त्याला. अर्जदार आम्ही, पण आमच्या अर्जात काय चाललंय ते फक्त त्यालाच दिसत होतं.

तिथल्याच साहेबांनी सांगितलं की आयोगाच्या साइटवर वेगवेगळ्या उद्योगांचे नमुना प्रोजेक्ट फुकट ठेवलेले आहेत, त्यात आपले आकडे भरायचे. खाण्याच्या पदार्थांसाठी केंद्राची पीएमएफएमई योजना वेगळी, तीही ३५ टक्के, कमाल १० लाख. ती आपल्याकडे कृषी विभाग बघतो आणि तिच्यात रिपोर्ट करायला जिल्हा संसाधन व्यक्ती असते. तिचं मानधन सरकार देतं, अर्जदारानं काही द्यायचं नसतं. उद्यम, म्हणजे छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी, तीही फुकट. तिच्यासाठीही दोन-अडीच हजार उकळणाऱ्या साइट्स आहेत, दिसायला हुबेहूब सरकारी.

सगळेच सल्लागार असे नसतात. आमच्या गावच्या एका पोरानं दालमिलचा रिपोर्ट पैसे देऊन करून घेतला आणि तो चांगला आहे. त्या माणसानं आधी मिलची जागा बघितली, थ्री-फेज आहे का विचारलं, तूर कुठून आणि कोणत्या महिन्यात घेणार, डाळ कोण उचलणार, उधारी किती दिवसांची, हे सगळं लिहून घेतलं आणि पावतीही दिली. आमच्यावाल्यानं मिरचीचा भावसुद्धा विचारला नव्हता.

पोलीस ठाण्यात अर्ज दिला आहे. रोख दिलेल्या ५,१०० ला पुरावा नाही, फोनवरून गेलेल्या पैशांचा आहे. कुणाचे पैसे नुकतेच असे ऑनलाइन गेले असतील तर १९३० या हेल्पलाइनवर लगेच फोन करा, उशीर झाला की रक्कम पुढच्या खात्यात सरकते. व्यवहाराचा नंबर, त्याचे व्हॉट्सॲप मेसेज, बोगस पत्राची फाइल, काहीही डिलीट करू नका. आणि अर्ज दुसऱ्याच्या नंबरवरून भरला गेला असेल तर भांडत बसण्याआधी उद्योग केंद्रात आधार घेऊन जा आणि तो नंबर बदलून घ्या.