ऑटोफॅजी रोखावी की वाढवावी?

जन्मताना ऑक्सिजन तुटला की बाळाच्या चेतापेशींतली ऑटोफॅजी, म्हणजे स्वतःचेच जुने भाग पचवण्याची क्रिया, एकदम जोर धरते. २००८ साली जपानी संशोधकांनी उंदरांच्या चेतापेशींतून एटीजी ७ हे ऑटोफॅजीला लागणारं जनुक काढलं. ऑक्सिजन तुटून मेंदूला इजा झाल्यावर पिल्लांच्या हिप्पोकॅम्पसमधल्या, म्हणजे मेंदूच्या स्मरणाशी निगडित भागातल्या, पेशी बऱ्याच वाचल्या. त्याच वर्षी इटलीत इजेआधी रॅपामायसिन हे औषध देऊन ऑटोफॅजी वाढवली, तर तिथेही इजा घटली!

मला पहिला पुरावा जास्त पटतो. रॅपामायसिन पेशीत इतरही बरंच काही बदलतं. अर्थात, ऑटोफॅजी कायमची बंद केली तर चेतापेशी पुढे मरतातच.

राजापूर-गुहागरच्या प्रसूतीकक्षात यातलं कुठलंच औषध नाही. बाळाने श्वास घेतला नाही, तर पहिल्या मिनिटात अंबू बॅगनेच, म्हणजे हाताने दाबायच्या हवेच्या पिशवीनेच, श्वास द्यायचा.