साबणाच्या कपच्या: चिकटवाव्यात, जाळीत भराव्यात की वितळवाव्यात?

अंगाच्या साबणाची १०० ग्रॅमची वडी झिजत झिजत पाच-सात ग्रॅमवर आली, की ती हातात धरवत नाही. ओली असताना निसटून मोरीच्या जाळीत अडकते आणि शेवटी केरात जाते. चौघांच्या घरात अशा कपच्या महिन्याला दोन-तीन तरी निघतात. त्या वापरण्याच्या रीती अनेक सांगितल्या जातात. पण घेतलेले कष्ट आणि हाती लागणारा साबण यांचा मेळ प्रत्येक रीतीत बसतोच असे नाही, म्हणून निवड करण्यापूर्वी त्या शेजारी शेजारी ठेवून पाहाव्यात.

सर्वांत सोपी रीत म्हणजे कपची नव्या वडीला चिकटवणे. हिला खर्च नाही, इंधन नाही; तरीही बहुतेकांची जोडणी दुसऱ्या दिवशी सुटते, कारण कपची ओली आणि नवी वडी कोरडी असते. दोन्ही पाण्यात भिजवून त्यांचा पृष्ठभाग लोण्यासारखा मऊ झाल्यावरच एकमेकींवर दाबाव्यात, कडा अंगठ्याने लिंपून घ्याव्यात आणि रात्रभर हात लावू नये. वडीवरील कंपनीच्या नावाचा खोलगट भाग कपचीला चांगला धरून ठेवतो. साबण शक्यतो एकाच प्रकारचा असावा. भारतीय मानकानुसार पहिल्या श्रेणीच्या टॉयलेट सोपमध्ये टीएफएम, म्हणजे एकूण स्निग्ध पदार्थ, किमान ७६ टक्के लागतो, तर ‘बेदिंग बार’ म्हणून विकल्या जाणाऱ्या वडीत तो ४० टक्के असला तरी चालतो. इतक्या वेगळ्या घडणीच्या दोन वड्या वाळताना सारख्या आकसत नाहीत आणि जोडाला भेग पडते.

घरात प्रत्येकाचा साबण वेगळा असेल, तर जाळीची पिशवी अधिक सोयीची. सुती जाळीत पाच-सहा कपच्या भरून तोंड बांधले, की फेस भरपूर येतो आणि अंगही घासले जाते. वाळलेल्या घोसाळ्याचा तुकडा मिळाल्यास त्याला चीर देऊन आत कपच्या सरकवाव्यात. मला स्वतःला हा प्रकार सर्वांत आवडतो. कांद्याच्या प्लास्टिक जाळीच्या कडा मात्र त्वचेला ओरखडतात. पिशवी प्रत्येक वेळी पिळून खुंटीला टांगावी लागते, अन्यथा दमट मोरीत तिला कुबट वास येतो. घरात कोणाला नायटा किंवा खरूज असेल, तर त्या व्यक्तीचा साबण या सामाईक पिशवीत घालू नये.

किसून, पाण्यात उकळून हात धुण्याचा द्रव साबण करणे ऐकायला आकर्षक वाटते, परंतु माझा कौल त्याच्या विरुद्ध आहे. अर्धा लिटर पाण्यात ५० ग्रॅम कीस विरघळवला, तेव्हा गरम असताना तो दुधासारखा पातळ दिसला आणि सकाळी पाहिले तर चिरलेल्या भेंडीसारखा तार धरून बसला होता. बाटलीच्या पंपातून तो चढेना. वडीचा साबण सोडियमचा असतो आणि थंड झाल्यावर असाच घट्ट होतो. पारंपरिक द्रव साबण पोटॅशियमचा असल्यामुळे वाहता राहतो. शिवाय या घरगुती मिश्रणात परिरक्षक नसतो, त्यामुळे ते थोडेच करून आठवडाभरात संपवावे लागते. बोअरच्या जड पाण्यातील कॅल्शियम आणि मॅग्नेशियम साबणाशी मिळून पांढरट साका धरतात, म्हणून तसे पाणी असलेल्या घरांनी या वाटेला जाऊच नये.

नवी वडी पाडायची असल्यास किमान पाव किलो कपच्या साठेपर्यंत थांबावे. साबण मेणासारखा नुसत्या उष्णतेने वितळत नाही. किसात थोडे पाणी शिंपडून तो उकळत्या पाण्यावर ठेवलेल्या भांड्यात मंद आचेवर शिजवावा लागतो. साच्यातून काढलेली वडी काही आठवडे सुकवावी लागते आणि तरीही कारखान्यात दाबून घडवलेल्या वडीपेक्षा ती लवकर झिजते. मुलांसोबत सुटीचा उद्योग म्हणून हे करावे, बचत म्हणून नव्हे. कपडे धुण्याच्या वडीचे तुकडे त्यात अजिबात मिसळू नयेत, कारण त्यातील सोडा अंगाला झोंबतो.

घरात शिवणयंत्र असेल, तर एक-दोन कपच्या कडक वाळवून त्याच्या खणात ठेवाव्यात. गडद कापडावर पांढऱ्या कपचीची धारदार कड खडूपेक्षा बारीक रेघ ओढते आणि ती रेघ पहिल्याच धुण्यात निघून जाते.