अनिवासींसाठी एनपीएस : शारजातल्या एका शिक्षिकेचा अनुभव

अकरा वर्षं शारजात गणित शिकवते आहे. इथे आम्हां परदेशी शिक्षकांना पेन्शन नाही, नोकरी सोडताना ग्रॅच्युइटी मिळते. पहिली 5 वर्षं दरवर्षी 21 दिवसांचा मूळ पगार, पुढे 30 दिवसांचा. माझा मूळ पगार 3,000 दिरहम. घरभाडं आणि इतर भत्ते त्यात धरत नाहीत. वहीत हिशेब मांडला तर 10,500 अधिक 18,000, म्हणजे 28,500 दिरहम. एवढ्यावर म्हातारपण कसं काढायचं? त्या रात्री झोप लागली नाही.

पीपीएफचं, म्हणजे सरकारी भविष्य निधीचं, नवं खातं अनिवासींना (परदेशात राहणाऱ्या भारतीयांना) उघडता येत नाही, म्हणून एनपीएस, म्हणजे भारताची राष्ट्रीय पेन्शन योजना, घेतलं. खातं उघडताना बँकेने फार छळलं. पासपोर्टवर माहेरचं नाव, पॅनवर सासरचं. अर्ज दोनदा परत आला. सुट्टीत सांगलीला गेले तेव्हा शाखेत बसून काम करून घेतलं. हातात 12 आकडी प्रान, म्हणजे एनपीएसचा कायमचा खाते क्रमांक, पडला तेव्हा जीव भांड्यात पडला.

त्यानंतर मात्र तक्रार नाही. एनआरई खात्यातून, म्हणजे परदेशातली कमाई ठेवायच्या भारतातल्या बँक खात्यातून, दरमहा पैसे जातात, खर्च अगदी कमी. टियर 2, म्हणजे केव्हाही पैसे काढता येणारं जोडखातं, अनिवासींना मिळत नाही आणि मुख्य खात्यातले पैसे बरीच वर्षं सहजासहजी काढता येत नाहीत. मला तेच हवं होतं, कारण गावी घराचं काम निघालं की आधी साठवणीलाच हात लागतो. पेन्शन रुपयांत येणार, तेव्हा परतायचं नसेल त्यांनी नीट विचार करा. मी सांगलीलाच परतणार आहे. स्टाफरूममधल्या नव्या मुलींना पहिल्या पगारालाच सांगते, अर्ज भरा गं.