गच्चीवरची वीस मीटर तार: दिवाळी ते गणपती, एंड-फेड अँटेना वापरल्यानंतरचा अनुभव

हॅमचा, म्हणजे हौशी रेडिओ ऑपरेटरचा, परवाना हातात पडला की डोक्यात पहिला येतो तो टॉवर. त्यावर यागी (आडव्या नळ्यांची, एका दिशेला रोखलेली), खाली तिला फिरवणारा रोटेटर, आणि घरात बसून बटण दाबलं की अँटेना युरोपकडे वळतोय. मी सिंहगड रोडला पाच मजली सोसायटीत राहतो. आमच्या कमिटीने हरकत अशी घेतली नाही, पण एक अट घातली: स्लॅबला एकही भोक पाडायचं नाही. वरच्या मजल्यावर दर पावसाळ्यात बादल्या मांडणारी माणसं राहतात, तेव्हा या अटीवर वाद घालण्यात अर्थ नव्हता. २० मीटर बँडच्या (बँडचं नाव म्हणजे लहरीची साधारण लांबी) यागीची एक-एक नळी जवळपास दहा मीटर लांब असते. तिला वारा धरतो, आणि तो सगळा जोर शेवटी बेसप्लेटवर आणि अँकर बोल्टवर येतो. भोक नाही म्हणजे टॉवर नाही.

व्हर्टिकलचा, म्हणजे उभ्या अँटेनाचाही विचार केला होता. पण तिला खाली रेडियल तारा पसराव्या लागतात आणि आमच्या गच्चीवर पापड-कुरडया वाळत असतात. साध्या डायपोलला (दोन सारख्या बाजूंची तार) केबल मधोमध जोडावी लागते, आणि आमच्या गच्चीच्या मधोमध सोलर हीटरचे पॅनेल आहेत. उरली ती एंड-फेड हाफ-वेव्ह. अर्ध्या तरंगलांबीची तार, एका टोकाला ट्रान्सफॉर्मरची डबी, तिथूनच केबल खाली. ४० मीटर बँडसाठी कापली की तीच तार २०, १५ आणि १० मीटरवरही चालते, हा हिचा मोठा फायदा. दिवाळीनंतर बसवली. संक्रांतीचा मांजा, वळीव आणि अख्खा पावसाळा तिने पाहिला, गणपतीही होऊन गेले. आता लिहायला हरकत नाही.

आधी रचना सांगतो. लिफ्टच्या खोलीच्या शिडीला क्लँपने धरलेला जीआय पाइप, त्याच्या डोक्यावर डबी. दुसऱ्या टोकाला गच्चीच्या लांबच्या कोपऱ्यात दुसरा पाइप. हा उभा कसा, तर रंगाच्या वीस लिटरच्या डब्यात काँक्रीट भरून त्यात रोवलेला. असा डबा पंचेचाळीस-पन्नास किलोचा होतो. तो कोपऱ्यात कठड्याला टेकवून दोन ताण दिले की हलत नाही. आणि कमिटीने 'हलवा' म्हटलं तर दोघं मिळून हलवता येतो, ही त्यातली खरी सोय. तार म्हणजे इलेक्ट्रिकलच्या दुकानातली दीड स्क्वेअरची साधी वायर, प्लास्टिकच्या आवरणासकट. इन्सुलेटर भाजी चिरायच्या प्लास्टिकच्या पाटाचे तुकडे कापून केले. लोक यावर हसतात, पण या पाटाचं प्लास्टिक पाणी पीत नाही आणि उन्हात लवकर तडकतही नाही.

तारेची लांबी १४३ भागिले मेगाहर्ट्झ या हिशोबाने काढतात. ७.१ मेगाहर्ट्झला, म्हणजे ४० मीटर बँडला, साधारण २०.१ मीटर येते. पण आवरण असलेली वायर थोडी आखूड लागते, आणि खालच्या स्लॅबमधल्या सळ्या आपला हिशोब वेगळा मांडतात. म्हणून तार एकवीस मीटर घ्यावी आणि कापण्याऐवजी टोकाला दुमडून तिच्यावरच गुंडाळत जावी. प्रत्येक वेळी नॅनोव्हीएनएवर आलेख पाहायचा. अँटेना कुठे जुळते ते दाखवणारं हे तळहाताएवढं यंत्र अँटेनाच्या आधी घ्या, ज्याच्याकडे आहे त्याच्याकडून उसनं आणा, पण त्याच्याशिवाय गच्चीवर चढू नका. माझे आकडे: ४० मीटरवर एसडब्ल्यूआर (केबल आणि अँटेना किती जुळतात त्याचं माप, १ म्हणजे उत्तम) १.३, वीसवर १.४, पंधरावर १.८, दहावर २.२. पट चढत गेली की गुंजन (तार जिथे सगळ्यात चांगली जुळते ती वारंवारता) नेमक्या दुपटी-तिपटीच्या थोडं वर सरकतं, त्यामुळे दहा मीटरवर असं होणारच. दोनच्या एसडब्ल्यूआरला परत फिरते ती अकरा टक्के शक्ती. त्यासाठी झोप उडवू नये, रिगमधला (रेडिओ संचातला) ट्यूनर ते सांभाळतो.

डबीत फेराइटची एक रिंग आहे, एफटी २४०-४३, दोनास चौदा वेढे, म्हणजे ४९:१. तारेच्या टोकाला अडीच हजार ओहमच्या आसपासची बाधा असते, ती केबलच्या पन्नासवर आणायचं हे काम. आमच्या ओळखीतल्या एका जुन्या हॅमने ती गुंडाळून दिली. आवाजावर बोलताना १०० वॅटला ती थंड राहते. एफटी८ वर, म्हणजे संगणकाकडून छोटे संदेश पाठवायच्या डिजिटल पद्धतीत, मात्र गोष्ट वेगळी. त्यात पंधरा सेकंदांच्या खेपेत १२.६४ सेकंद सलग पूर्ण शक्ती जाते, मग एक खेप ऐकायची, परत पाठवायची. अर्धा तास असं चाललं की पंधरा मीटरवर एसडब्ल्यूआरचा काटा हळूहळू वर चढताना दिसतो. फेराइट तापतंय. तेव्हापासून एफटी८ ला ४० वॅटवर असतो आणि समोरच्याला फरक कळत नाही. आणखी एक: १०० वॅटला तारेच्या टोकापाशी पाचशे व्होल्टच्या आसपास असतात. दोन्ही टोकं हात पोचणार नाही इतकी उंच ठेवा, गच्चीवर पोरं खेळतात.

आता ज्यासाठी हे सगळं लिहायला घेतलं ते. पहिले दोन-तीन महिने मी नाखूश होतो. बोललेलं जात होतं, रिपोर्ट चांगले मिळत होते, पण ऐकू काही येत नव्हतं. संध्याकाळी ४० मीटरवर एस-मीटर (सिग्नलची ताकद दाखवणारा काटा) नुसत्या खरखरीवर आठला चिकटलेला. मग एका गुरुवारी, पुण्यात गुरुवारी दुरुस्तीसाठी लाईट जाते तशी गेली. रिग बॅटरीवर चालू होता. काटा आठवरून सरळ दोनवर आला, आणि मघाशी जिथे फक्त खरखर होती तिथे एक केरळचा आणि एक कोलकात्याचा हॅम निवांत गप्पा मारत होते. लाईट आली, दोघेही गायब.

म्हणजे तार चांगलीच होती, इमारत गोंगाट करत होती. मग ट्रान्झिस्टर मीडियम वेव्हवर दोन स्टेशनांच्या मधल्या रिकाम्या जागी लावून जिना चढलो-उतरलो. पार्किंगमधले सेन्सरवाले एलईडी दिवे हे मुख्य गुन्हेगार. त्यांच्या ड्रायव्हरजवळ ट्रान्झिस्टर नुसता भुंकत होता. ते दिवे लुकलुकतात म्हणून रहिवाशांची आधीच तक्रार होती, त्यामुळे बदलायचा ठराव माझ्याशिवायच मंजूर झाला. नवे बसवताना आधी एक आणून ट्रान्झिस्टरजवळ धरून बघितला, एवढंच माझं योगदान. खरखर आठवरून सहावर आली.

उरलेलं काम चोकने, म्हणजे केबलच्या बाहेरून वाहणारा रेडिओ प्रवाह अडवणाऱ्या गुंडाळीने, केलं. एंड-फेडमध्ये तारेची दुसरी बाजू म्हणून कोॲक्सची (अँटेनाच्या केबलची) बाहेरची जाळी थोडीफार कामाला लागते. त्यामुळे केबल स्वतःच अँटेना बनून घरातला सगळा कचरा वर उचलून नेते, आणि बोलताना उलट्या दिशेने आपली आरएफ (रेडिओ ऊर्जा) घरात आणते. समोरच्या काकूंकडे हात लावला की लागणारा एक टेबललॅम्प आहे. मी २१ मेगाहर्ट्झवर (पंधरा मीटर) बोलायला लागलो की तो आपोआप लागायचा. "अरे, तुझं सुरू झालं वाटतं, आमचा दिवा लागला!" असं त्या दारातून ओरडून सांगायच्या. चिडल्या कधीच नाहीत, पण हे बरं दिसत नव्हतं. फेराइटच्या रिंगवर कोॲक्सचे बारा वेढे घेऊन चोक केला. तो डबीला चिकटून लावायचा नाही, तिथून दोनेक मीटर केबल मोकळी सोडून लावायचा, कारण तेवढ्या जाळीची तारेला गरज असते. दुसरा तसाच खिडकीपाशी, केबल घरात शिरते तिथे. लॅम्प शांत झाला आणि खरखर पाचच्या खाली गेली.

आठवरून पाच म्हणजे तीन एस-युनिट. एक युनिट सहा डेसिबलचं, म्हणजे अठरा डेसिबल. तीन नळ्यांची यागी फार तर सहा-सात डेसिबल देते. टॉवर आणि यागीवर लाखभर घालून ऐकण्यात जेवढी सुधारणा झाली असती, तिच्यापेक्षा जास्त सुधारणा पार्किंगच्या दिव्यांनी आणि दोन रिंगांनी दिली. यागी दिशा देते, पाठीमागचं दाबते, बोलतानाही तेवढीच उपयोगी पडते, हे मान्य. पण शहरात राहणाऱ्याने पैसे आधी शांततेवर घालावेत असं माझं ठाम मत झालंय.

केबलचं थोडक्यात. एचएफवर (३ ते ३० मेगाहर्ट्झ) जाड केबलचा हट्ट धरू नका. तीस मीटर आरजी-५८ ही बारीक केबल सात मेगाहर्ट्झवर एक-सव्वा डेसिबल खाते, ते चालतं. पण त्याच पाइपावर मी दोन मीटर बँडचा छोटा व्हर्टिकलही लावलाय, आणि १४५ मेगाहर्ट्झवर हीच तीस मीटर आरजी-५८ पाच वॅटमधला सव्वा-दीड वॅट वर पोचू देते. तिथे जाड केबलच घातली, अँटेनापेक्षा महाग पडली.

पावसाळा. जूनमध्ये पहिली शिकार झाली ती दोरीची. नायलॉनची पांढरी दोरी मे महिन्याच्या उन्हात वरून पिठासारखी झाली होती, हातात चोळली तर भुकटी निघत होती. भिजल्यावर ताणून लांबली आणि तार खाली लोंबू लागली. आता काळी पॉलिएस्टरची दोरी आहे, कोपऱ्यातल्या पाइपावर कप्पी, आणि दोरीच्या टोकाला वाळू भरलेली दोन लिटरची बाटली. वारा आला की बाटली वर-खाली होते, तारेवरचा ताण तेवढाच राहतो. हे वाचणाऱ्यांपैकी ज्यांची तार खांबाला घट्ट बांधलेली आहे त्यांनी हे नक्की करावं.

पाणी कनेक्टरमधून शिरतं. पीएल-२५९ या कनेक्टरला पाणी अडवायची कसलीही सोय नसते, आणि एकदा जाळीत शिरलं की केबलच्या आत मीटरच्या मीटर झिरपत जातं. केबल कापली की तांबं काळं पडलेलं दिसतं, तेव्हा उशीर झालेला असतो. कनेक्टरचं तोंड खाली, केबलला वळसा देऊन मगच भिंतीकडे, आणि वरून सेल्फ-अमाल्गमेटिंग (स्वतःलाच चिकटून एकजीव होणारी) टेप चांगली ताणून, खालून वर गुंडाळत. त्यावर साधी काळी टेप, उन्हासाठी. डबीला खालच्या बाजूला बारीक भोक ठेवलं आहे, आत दमट हवेचं पाणी साचू नये म्हणून. ऑगस्टमध्ये उघडली तर पाण्याचा थेंब नव्हता, पण त्या भोकातून मुंग्यांनी आत बिऱ्हाड केलं होतं, वेढ्यांच्या मधोमध पांढऱ्या अंड्यांची रास. आता भोकावर मच्छरदाणीच्या जाळीचा तुकडा चिकटवला आहे. धो-धो पावसात तारेचं गुंजन थोडं खाली सरकतं, पाऊस थांबला की परत येतं. त्यासाठी काही करायची गरज नाही.

विजांबद्दल मी कडक आहे. वळवाचे ढग दिसले की केबल रिगमधून काढून, खिडकीबाहेरच्या अर्थ केलेल्या सॉकेटला. या ट्रान्सफॉर्मरमधून तार आणि जाळी थेट जोडलेल्या असतात, त्यामुळे तारेवर साठणारा स्थिर भार अर्थिंगमधून निघून जातो. थेट वीज पडली तर त्याने काहीही वाचत नाही, म्हणून गडगडाट ऐकू येत असताना गच्चीवर जायचंच नाही.

कुठवर पोचतो? सात मेगाहर्ट्झवर तार स्लॅबपासून फार उंच नाही, त्यामुळे बराचसा सिग्नल सरळ वर जाऊन खाली येतो. सकाळी कोल्हापूर, नागपूर, हैदराबाद, बेंगळुरू अगदी शेजारी असल्यासारखे, लांबचं मात्र कमी. चौदावर (वीस मीटर) संध्याकाळी युरोप रोजचं. दहा मीटरवर सौरचक्र २५ ची (सूर्यावरच्या डागांच्या सध्याच्या चक्राची) कृपा आहे, सकाळी जपान आणि ऑस्ट्रेलिया, संध्याकाळी युरोप, आफ्रिका. अमेरिका क्वचित, तीही एफटी८ वर. दहा मीटरवर ही तार दोन तरंगलांब्यांची होते आणि काही दिशांना चक्क बहिरी असते. तार फिरवता येत नाही, त्यामुळे यागीवाल्याची मजा इथे नाही. स्पर्धांमध्ये भाग घेणाऱ्याने ही घेऊ नये. गावाकडे स्वतःची मोकळी जागा असेल त्यानेही नाही, त्याने सरळ मधोमध खांब उभारून इन्व्हर्टेड व्ही (उलट्या V च्या आकाराचा) डायपोल टाकावा. ट्रान्सफॉर्मरच नको, तापायचा प्रश्नच नाही.

दिवाळीनंतर गच्चीचं वॉटरप्रूफिंग निघणार आहे, तेव्हा सगळं उतरवावं लागेल. परत चढवताना डबीत एकाऐवजी दोन रिंगा एकावर एक घालून घेणार आहे, म्हणजे एफटी८ ला ४० वॅटची अट राहणार नाही. ८० मीटरसाठी तार लांबवायची इच्छा आहे, पण चाळीस मीटर तार मावण्याएवढी गच्ची नाही. शेजारच्या सोसायटीच्या टाकीपर्यंत न्यायची तर त्यांच्या कमिटीची परवानगी लागेल. अर्ज दिला आहे.